उंदराचे डोळे

सकाळी साडेसात

मे महिन्यात हमरापुरात येऊन गणपतीचा कारखाना कुठं आहे असं विचारणारा माणूस बाहेरगावचाच असतो. अंगणात, पडवीत, गोठा काढून घातलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथं सावली मिळेल तिथं कच्च्या मूर्ती ओळीनं बसलेल्या असतात. प्लास्टरच्या पांढऱ्या, शाडूच्या करड्या. रंग नाही, डोळे नाहीत. पनवेलहून रोह्याकडं जाणाऱ्या गाडीचं हमरापूरनंतरचं स्टेशन पेण. नाव पेणचं झालं, पण तिथं रंगून बाहेर पडणाऱ्या मूर्तींपैकी कितीतरी हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांतल्या घरांमध्ये साच्यातून निघालेल्या असतात, आणि त्यांच्यावर बायकांचे हात फार फिरलेले असतात. जाहिरातीत मात्र मूर्तिकार म्हणून फोटो येतो तो पुरुषाचा.

मी तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या कारखान्यात असतो. मामा माझा सख्खा, पण इथं तो सगळ्यांचाच मामा. माझ्याकडं सोपवलेलं काम एकच: सुट्टीत कामाला येणारी चार पोरं. त्यांना इथं नावानं कुणी हाक मारत नाही, यत्तेनं मारतात. परीक्षा देऊन निकालाची वाट बघणारी ती दहावी. तिच्याहून लहान, यंदाच पहिल्यांदा आलेली नववी. तिसरा सीझन करणारा अकरावी. आणि सतरा वर्षांचा आयटीआय. तो फिटरचा कोर्स करतो आणि आपण इथं पैशासाठी येतो असं पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतो.

पोरं साडेसातलाच फाटकाशी येऊन उभी राहतात. आठ वाजेपर्यंत मामा त्यांना आत घेत नाही. यात शिस्तीचा भाग कमी, कायद्याचा जास्त. १९८६ चा बालकामगार कायदा २०१६ मध्ये दुरुस्त झाला. त्याप्रमाणे चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. शाळा सांभाळून घरच्या धंद्यात हात लावण्याची तेवढी सवलत आहे. चौदा पूर्ण ते अठरा या वयाला कायदा किशोर म्हणतो. त्यांना धोक्याची कामं द्यायची नाहीत, आणि साध्या कामालाही तासांचं बंधन आहे. सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. मग निदान एक तास विश्रांती. विश्रांती धरून सगळा दिवस सहा तासांत बसला पाहिजे. संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही, जादा काम नाही, आठवड्याला एक सुट्टी. मी हे मामाला वाचून दाखवलं तेव्हा त्यानं बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, "म्हणजे आठ ते अकरा, बारा ते दोन. बरोबर आहे. दोननंतर पत्र्याखाली माणूस बसतो का?" आमचं वेळापत्रक असं ठरलं. आसपास सगळीकडं हे तास पाळले जातात असं मी म्हणणार नाही. श्रावण लागला की मोठ्यांना तर रात्र-दिवस उरत नाही.

आठ

पहिला तास-दीड तास सगळ्यांना एकच काम: पेपर मारायचा. साच्यातून निघालेल्या मूर्तीला दोन भाग जिथं जुळतात तिथं उभी शिवण येते. कानामागून, खांद्यावरून, बैठकीपर्यंत. ती घासून काढायची. बगलेत, सोंडेच्या वळणात, मुकुटाच्या पाकळ्यांमध्ये बुडबुड्यांनी खड्डे पडलेले असतात, ते ओल्या लगद्यानं बुजवायचे. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक. शेवटी फडकं. तोंडाला रुमाल बांधायचा, आणि पंखा बंद. पंखा लावला तर धूळ सगळ्या शेडभर उडते. त्यामुळं मे महिन्यातल्या सकाळी आठ वाजताही घाम कोपरावरून मूर्तीवर टपकतो आणि तेवढ्या जागी पुन्हा पेपर मारावा लागतो.

प्लास्टरवर हे काम बेधडक करता येतं. राजस्थानातून जिप्सम भाजून पूड होऊन येतं, पाण्यात कालवलं की मिनिटांत धरतं, हाताला गरम लागतं आणि वाळून टणक होतं. शाडूचं तसं नाही. ती माती गुजरातेतून, भावनगरकडून येते. मळायची, साच्यात दाबायची, भाग जोडायचे, हात वेगळ्या साच्यातून काढून लावायचे, आणि सावलीत वाळू द्यायची. वारा लागला तर चीर जाते. उन्हात घाईनं वाळवली तर बैठक वाकते. पावसात तर ती लवकर सुकतच नाही, म्हणून कच्चं काम मे महिन्यात उरकून घ्यायचं आणि पाऊस पडायला लागला की रंगकाम. सगळ्या धंद्याचं गणित मे महिन्याभोवती फिरतं, आणि नेमकी तेव्हाच शाळांना सुट्टी असते. पोरांना काम मिळतं त्यामागचं कारण एवढं साधं आहे. कुणाच्या मनात सुरुवातीला कलेची परंपरा वगैरे नसते.

नववीला शाडूच्या मूर्तीजवळ अजून बसवलेलं नाही. पहिल्या आठवड्यात तिचं कौतुक फार झालं होतं, कारण शाळेत तिची चित्रं बोर्डावर लागतात. इथं तिच्या वाट्याला आल्या त्या बैठका. गणपती नाही, नुसते चौरंग आणि पाट. तिला ते लागलं. दुसऱ्या दिवशी आई सोबत आली, दारातच थांबली आणि म्हणाली, "सर, हिला गणपती कधी देणार?" मी म्हटलं, हात बसला की. तिनं मामाकडं बघितलं. मामा म्हणाला, "माझ्या वडिलांनी मला एक अख्खा पावसाळा मोदकच रंगवायला दिले होते." हे खरं की नाही ते मला ठाऊक नाही, पण हे तो दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी पालकांचं समाधान होतं.

साडेनऊ

आता दिवसातलं खरं भांडण.

पेपर मारण्यात आयटीआय सगळ्यांच्या पुढं आहे. हात दणकट, नजर सरळ, फिटरचं कामच ते. तो एक मूर्ती संपवतो तेव्हा दहावीची अर्धीही झालेली नसते. मोठी माणसं इथं नगावर काम करतात: जेवढे नग, तेवढे पैसे. पोरांना मात्र रोज आहे, पाच तासांचे ३०० रुपये, नग कितीही होवोत. आयटीआयचं म्हणणं, मलाही नगावर घ्या, आणि दिवसभर पेपरच द्या. रंगाकडं मला नेऊ नका.

"डोळे काढायला शिकायचं तर चार वर्षं लागतील, सर. पेपरचे पैसे आज मिळतात."

हे त्याचं बोलणं खोटं नाही. दरमहा पगार घेणाऱ्या माणसानं सुट्टीत येऊन अशा मुलाला कलेचं महत्त्व सांगणं मला जरा लाजिरवाणं वाटतं. त्याला फीचे पैसे हवेत, जुनी मोटारसायकल घ्यायची आहे. कारखान्यालाही तेच परवडतं. चार पोरांनी महिनाभर नुसता पेपर मारला तर मामाचा फायदा सगळ्यांत जास्त. इथंच रोजगार आणि शिकवणं एकमेकांच्या विरुद्ध जातात. पोरगं ज्या कामात तयार झालं त्यातच ठेवणं मालकाला सोयीचं, आणि जे त्याला येत नाही ते हातात देणं म्हणजे माल बिघडवणं. उन्हाळी शिबिरात हा प्रश्न येत नाही, कारण तिथं मुलांचे पालक फी भरतात आणि बिघडलेली कुंडी घरी नेतात. इथं बिघडलेला नग गिऱ्हाइकाचा असतो.

पोरांना नगावर ठेवू नये, हे माझं मत अजून पक्कं आहे. नगावर बसलेला माणूस चुकलेली रेघ परत काढत नाही, तो पुढचा नग ओढतो. मोठ्या कारागिराचं ठीक, त्याची रेघ चुकत नाही. शिकाऊ पोराला मात्र थांबून बघायला वेळ लागतो, आणि तो वेळ कुणीतरी विकत घ्यावा लागतो. रोज दिला तर मालक घेतो. नगावर ठेवलं तर पोरगंच स्वतःच्या खिशातून घेतं, म्हणजे घेतच नाही.

आज तोडगा निघाला तो असा: आयटीआय अकरापर्यंत पेपर मारेल, पण बारानंतर त्यानं साचेकाम बघायचं. रबरी साच्याला बाहेरून कवच लागतं, ते कसं बसतं, कुठं बोल्ट, कुठं खाच, हे त्याच्या डोक्याला लगेच उमगेल असं मला वाटलं. तो कवच हातात घेऊन उलटंपालटं करत म्हणाला, "हे जोडायला इतकं घट्ट कशाला केलंय? इथं पिन द्यायची." मामानं मान वर करून बघितलं. बोलला काही नाही.

दहा

रंगाच्या खोलीत एक उतरंड आहे, आणि कुणी कुठल्या पायरीवर आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. सगळ्यांत खाली पाट आणि चौरंग. मग मोदक आणि लाडवांचं ताट. मग उंदीर. मग पितांबराचे काठ आणि शेला. मग दागिने. त्यांना सोनेरी लावायचा तर ब्रशचं टोक भिजवून भागत नाही, किती भिजवायचं ते कळावं लागतं. अंगाचा गुलाबी रंग कॉम्प्रेसरवर, स्प्रे गननं. ती पायरी पोरांसाठी नाहीच. थिनरचा वास, बारीक फवारा, बंद खोली; अठरा पूर्ण झाल्याशिवाय त्या दारातून जायचं नाही, असं खडूनं दारावर लिहून ठेवलंय. सगळ्यांत वर आखणी, म्हणजे डोळे.

उंदीर मधल्या पायरीवर का, हे नव्या माणसाला कळत नाही. उंदराला डोळे असतात म्हणून. दोन काळे ठिपके, त्यात पांढरा टिपका, वर एक बारीक रेघ. गणपतीच्या डोळ्याला लागतं ते सगळं त्यात लहान प्रमाणात आहे: टोकाला निमुळती होणारी रेघ, दोन बाजूंचा मेळ, आणि मुख्य म्हणजे नजर. चुकलं तर कुणाचं देवघर बिघडत नाही. उंदराच्या तोंडावर पुन्हा एक हात मारायचा आणि परत काढायचा. थोडक्यात, कुठली चूक परवडते ते मामाच्या घराण्यानं कधीतरी शोधून काढलं आणि ती चूक शिकाऊ पोरांसाठी राखून ठेवली.

दहावी दुसऱ्या वर्षाची. इंटरमिजिएट परीक्षेत तिला ए ग्रेड आहे, त्याचे वाढीव गुण दहावीच्या निकालात धरले जातील, ए ला सात, बी ला पाच, सी ला तीन. कागदावर तिचा हात सुरेख चालतो. पण कागद सपाट असतो आणि उंदीर गोल. कागदावर सरळ दिसणारी रेघ गालाच्या फुगवट्यावर गेली की वर उचलली जाते. आज तिच्यासमोर उंदरांची रांग आहे. चौथ्या-पाचव्या उंदराशी तिचा ब्रश अडला. एक डोळा समोर, दुसरा वर. मामा मागून जाताना थांबला.

"हा मोदकाकडं बघतोय वाटतं."

सगळे हसले, दहावीही हसली, मग तिनं तो पुसायला घेतला. मामा म्हणाला, "राहू दे. बघू दे त्याला." तो उंदीर तसाच गेला. मला वाटतं शाळेत मी तो पुसायला लावला असता.

अकरा

विश्रांतीचा तास. पोरं डबे उघडतात. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कुणाकडं कैरीचं लोणचं. नववी वरण-भात आणते आणि आयटीआयच्या डब्यातली सुकट खाते. मोबाइलवर रील चालू. त्यात एक अकरावीनंच केलेलं आहे, मूर्तीवर रंगाचे हात चढताना जलद गतीनं दाखवलेले. ते बऱ्याच जणांनी बघितलं, आणि त्यामुळं ठाण्याहून एका कुटुंबानं फोन करून मूर्ती मागितली. मामाला तेव्हापासून मोबाइलचा राग येत नाही.

मी या तासात विचार करतो तो पैशांचा: पोरांच्या शिकण्याच्या वेळेचा खर्च कुणी उचलायचा? शिकागो शहरात १९९१ साली गॅलरी ३७ नावाचा उपक्रम सुरू झाला. शहराच्या ऐन मध्यात ब्लॉक ३७ नावाचा भूखंड इमारती पाडून मोकळा पडला होता. महापौरांच्या पत्नी मॅगी डेली आणि शहराच्या सांस्कृतिक आयुक्त लोइस वाइसबर्ग यांनी तिथं तंबू ठोकून उन्हाळ्याच्या सुट्टीत किशोरवयीन मुलांना कलाकारांच्या हाताखाली कामाला लावलं, आणि त्या कामाचे पैसे दिले. मुलं शिकाऊ कलाकार म्हणून पगारावर. त्यातूनच पुढं आफ्टर स्कूल मॅटर्स ही संस्था उभी राहिली. मला त्यातली तंबूची गोष्ट आवडत नाही, पगाराची आवडते. बिघडलेल्या चित्राचा खर्च तिथं मुलावर पडला नाही, की एकट्यादुकट्या कलाकारावर पडला नाही.

आपल्याकडं सरकारनं २०२३ च्या सप्टेंबरात पीएम विश्वकर्मा योजना आणली. अठरा पारंपरिक व्यवसाय, त्यात मूर्तिकारही. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत. योजना चांगली आहे. पण तिची वयाची अट अठरापासून. हात वळतो तो चौदा-पंधराला. ती मधली चार वर्षं कुणाच्या खात्यावर? हमरापुरात त्याचं उत्तर मामा आहे, आणि मामाचा हिशेब दर वर्षी मी बघतो, त्यात फार मोठं मन करायला जागा नसते.

बारा

काकी आली. काकी म्हणजे इथल्या आखणीतली शेवटची पायरी. पहाटे घरचं आवरून, दोन घरांचे डोळे काढून ती आमच्याकडं बाराला येते. दोन घरांचे म्हणजे दोन कारखान्यांच्या मूर्तींचे. आल्या आल्या पंखा बंद करायला लावते, कारण वाऱ्यानं ब्रशच्या टोकावरचा रंग सुकतो आणि रेघ मध्येच फाटते. मग भिंतीला पाठ टेकते, मूर्ती मांडीजवळ ओढते, करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवते, आणि श्वास सोडून झाल्यावर रेघ काढते. आधी डोळ्यातला पांढरा, कोपऱ्यात किंचित गुलाबी. मग तपकिरी, त्यात काळा. वरच्या पापणीची रेघ एका झटक्यात. भुवया. शेवटी पांढरा टिपका, आणि तो पडला की समोर बसलेल्या माणसाला आपल्याकडं कुणीतरी बघतंय असं वाटायला लागतं.

तिच्या शेजारी आज अकरावी बसला. त्याची ही तिसरी सुट्टी. पहिल्या वर्षी पाट आणि मोदक, दुसऱ्या वर्षी उंदीर आणि पितांबर, आणि गेले काही दिवस तो फळीवरच्या मोडक्या डोक्यांवर डोळे काढतोय. कान मोडलेल्या, सोंड तुटलेल्या मूर्ती पूजेला चालत नाहीत, त्या सरावाला चालतात. त्यांच्यावर काढायचे, ओल्या फडक्यानं पुसायचे, परत काढायचे. काही डोक्यांवर रंगाचा इतका थर बसलाय की पापण्यांची खोबणच बुजली आहे.

आज काकीनं त्याच्यासमोर अख्खी मूर्ती ठेवली. तो मागं सरला.

"मना नाय जमाचा, काकी."

काकी काहीच बोलली नाही. तिची शिकवण्याची पद्धत मला अजून नीट कळलेली नाही. ती सांगत नाही, दाखवते असंही नाही. तो रेघ काढायला लागला की ती त्याचं मनगट दोन बोटांनी थोडं खाली दाबते, एवढंच. मी शाळेत ज्याला पाच वाक्यं लावतो ते तिचं दोन बोटांत होतं. पहिला डोळा बरा आला. पहिला डोळा बहुतेकांचा बरा येतो. अडचण दुसऱ्याची. तो पहिल्याला जुळवायचा असतो, आणि जुळवताना नजर कागदाची सवय सोडत नाही. त्याचा दुसरा डोळा वरच्या अंगाला गेला. गणपती छताकडं बघायला लागला.

पापणीची रेघ रंगात मुरली की पुसता येत नाही. चेहऱ्यावर अंगाच्या रंगाचा पूर्ण हात परत मारावा लागतो, म्हणजे मूर्ती स्प्रेच्या खोलीत परत, वाळायला परत, शेडिंग परत. काकीनं मूर्ती बाजूला ठेवली आणि दुसरी पुढं ओढली. आता अकरावीनं मनगट स्वतःहून खाली ठेवलं. या खेपेला नजर जागेवर आली. पूजेला बसलेल्या माणसाच्या डोळ्याशी मिळते तशी, किंचित खाली. काकीनं मूर्ती उचलून दाराच्या उजेडात धरली, डावीकडून बघितली, उजवीकडून बघितली, आणि तयार मालाच्या ओळीत ठेवली. तो ओळीतला कितवा नग आहे हे अकरावी पुढचा अर्धा तास तिरक्या नजरेनं मोजत होता.

दीड

शेवटच्या अर्ध्या तासावर मामाचा अजून राग आहे. या वेळात मी पोरांना मुठीएवढा शाडू देतो आणि साचा देत नाही. साच्यावर सगळा धंदा उभा आहे, एका नमुन्यावरून हजारो निघतात, आणि म्हणूनच हातानं आकार उभा करणारे इथंही कमी होत चाललेत. पोरांनी काहीही करावं. नववीनं आज पाय दुमडून बसलेली म्हैस केली, म्हशीची पाठ अगदी बरोबर. आयटीआयनं पिन केली, साच्याच्या कवचाला लावायची.

मामाचं म्हणणं, "या अर्ध्या तासाचेही पैसे मीच देतो ना?" देतो. तेच तर माझं म्हणणं आहे. कामाचे तास संपल्यावर फुकट शिकवलं तर पोरं थांबत नाहीत, घरी पाणी भरायचं असतं.

शाडू हातात असतानाच दहावीनं आज एक प्रश्न विचारला. "सर, प्लास्टर बंद झालं तर आपण काय करायचं?" २०२० च्या मे महिन्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना आल्या आणि प्लास्टरच्या मूर्तींवर बंदीची भाषा सुरू झाली. मग कोर्टकचेऱ्या. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अशा मूर्ती बनवायला आणि विकायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाणवठ्यात त्यांचं विसर्जन नको असं सांगितलं. ही टांगती तलवार डोक्यावर घेऊनच इथं माणसं साचे भरतात. उत्तर मामानं दिलं. प्लास्टर गेलं तर साचेवाले रडतील, वाहतूकवाले रडतील. डोळे मातीवरही तेच आणि प्लास्टरवरही तेच. काकीला कुणी काढून टाकणार नाही.

दोन

पोरं हात धुतात. नखांत राहिलेला पांढरा रंग आठवडाभर जात नाही. रोजचे पैसे रोज द्यायचे, शनिवारवर ठेवायचे नाहीत, हा मामाचा नियम आहे आणि तो फार शहाणपणाचा आहे असं मला वाटतं. उचल घेतलेला मोठा कारागीर पुढच्या सीझनला बांधला जातो. पोरांना उचल नाही, त्यामुळं उद्या यायचं नाही असं ठरवायची त्यांना मोकळीक राहते. दुपारच्या गाडीनं दोघं पेणला जातात, दोघी सायकलवर.

त्यानंतरचे तास पोरांविना, आणि फार सांगण्यासारखे नाहीत. ऊन उतरेपर्यंत कोण आडवं होतं, कोण फोनवर ऑर्डरी घेतं. परदेशी जाणारा माल उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच न्हावा-शेवा बंदराकडं गेलेला असतो, आता मुंबई-पुण्याचे व्यापारी. भाद्रपदाआधी अधिक मास आला की चतुर्थी सप्टेंबरात जाते, म्हणून हातात थोडे दिवस जास्त. नाहीतर जून उजाडला की मामाचा आवाज चढतो. चारनंतर कॉम्प्रेसर सुरू होतो आणि अकरावीनं छताकडं बघायला लावलेला गणपती परत गुलाबी होतो.

साडेसहा

मामा वही काढतो. दुरेघी, लाल पुठ्ठ्याची. डाव्या बाजूला नग, उजव्या बाजूला पैसे. आज स्प्रेला परत गेलेला चेहरा एक, खड्डा राहिलेल्या मूर्ती दोन, मोदकाकडं बघणारा उंदीर हिशेबात नाही. ते तीन नग कुणाच्या नावावर मांडायचे यावर आमची रोज थोडी बाचाबाची होते. मोठ्या माणसांचं त्यांच्या नगांतून वजा होतं. पोरांचं वजा करायचं नाही, एवढं मी पूर्वीच मान्य करून घेतलंय, पण मग ते जातात कुठं? मामा पेन्सिल कानावरून काढतो, थोडा वेळ वहीकडं बघतो आणि 'रंग' या रकान्यात घालतो. जणू तेवढा रंग डब्यात वाळून गेला. वहीत शिकवणीचा रकाना नाही. आखून घेऊ या, असं मी एकदा सुचवलं होतं. तो म्हणाला, वही माझा भाऊही बघतो, मग त्याला तो दिसेल.

"उद्याचं सांगतो," मामा म्हणाला. "गिरगावचा माल शुक्रवारी जायचाय. काठ राहिलेत सगळे. अकरावीला उद्या डोळे नाहीत, पितांबर द्या. दहावीलाही पितांबर. उंदीर नंतर."

मी म्हटलं, आज त्याला नजर सापडली आहे, उद्या सुटली तर परत पहिल्यापासून.

"शुक्रवार सुटला तर?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मामानं वहीचं पान उलटलं, काठांचे नग पुन्हा मोजले, ओठ हलवत कसलीशी वजाबाकी केली.

"बारा ते एक," तो म्हणाला. "काकीच्या शेजारी. आणि मूर्ती मी काढून देणार, लहान. नऊ इंचाच्या वर नाही."

"आणि दहावी?"

"तिला विचारा, काठ आवडतात का. आणि त्या आयटीआयला सांगा, ती पिन लोखंडाची करून आण. किती पैसे घेणार तेही विचारून ठेवा."